डाव्या मिशीचा न्याय

अण्णांना जाग आली ती वरच्या ओठाला गार लागल्यामुळे. दुपारचं जेवण अंगावर आलं होतं, सलूनचं शटर अर्धं ओढलेलं होतं, आणि खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत मान मागे टाकून त्यांनी नेहमीची डुलकी काढली होती. डोळे उघडले तर समोरच्या आरशात कुणी भलताच माणूस. आरशावर डाग पडलाय असं समजून त्यांनी तो नॅपकिनने पुसला. डाग जाईना. मग हात ओठाकडे गेला. उजवीकडे मिशी होती, जाड, टोकाला पीळ दिलेली, पन्नास वर्षं या सलूनची दुसरी पाटीच. डावीकडे नुसते खुंट.

त्यांनी मुलाला, भाऊला, हाक मारली. ती हाक वरच्या मजल्यावर पोचली तेव्हा अक्का वडिलांच्या कोटाला इस्त्री करत होती. तिला वाटलं, कुणीतरी गेलं.

सलूनला पन्नास वर्षं झाली म्हणून संध्याकाळी फोटोवाला येणार होता. त्यासाठी अक्का आणि तिचे यजमान, म्हणजे दाजी, सकाळच्या बसने आले होते. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी या घराची हवालदारकी अक्काने सोडली नव्हती. मागच्या खेपेला तिने स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून दिले होते, आणि ती बसमध्ये बसल्याबरोबर भावजयीने ते पूर्ववत केले होते. दोघींना एकमेकींचं माहीत होतं आणि दोघी त्याबद्दल बोलत नसत.

सगळे लाकडी जिना धडाधड उतरून खाली आले. भाऊ, त्याची बायको, अक्का, आणि सगळ्यांत मागून हातात पावाचा तुकडा घेतलेले दाजी. आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, मांडीवर कात्री ठेवून, भिंगरी बसली होती. भाऊची एकुलती एक, आठ वर्षांची. एका जागी कधी ठरत नसे म्हणून घरादाराने तिचं हे नाव पाडलं होतं. आत्ता मात्र ती अगदी ठरली होती.

अक्काने विचारलं, "कुणी केलं हे?"

"मी," भिंगरी म्हणाली.

अक्का जराशी अडखळली. या घरात या प्रश्नाला इतक्या लवकर उत्तर मिळाल्याचं तिला आठवत नव्हतं. तिच्या लहानपणी अशा वेळी आळ तिच्यावरून भाऊवर, भाऊवरून शेजारच्या पोरांवर आणि शेवटी मांजरावर जायचा. मांजर नसलेल्या वर्षांतसुद्धा. पुढे काय बोलायचं हे तिने उलटतपासणीच्या हिशोबाने ठरवलं होतं. आरोपी पहिल्याच वाक्याला कबूल झाल्याने ते सगळं वाया गेलं.

तेव्हा ती थेट निकालावर आली. भाऊला म्हणाली, एक ठेवून दे तिला. झोपलेल्या माणसाच्या तोंडाशी कात्री नेते म्हणजे काय. आज मिशी गेली, उद्या नाक जाईल. आम्हांला अण्णांनी पट्ट्याने झोडलं, काय वाईट झालं आमचं? मी शिवणाचे क्लास घेते, चाळीस बायका माझ्या हाताखाली शिकून गेल्या. भाऊ सलून चालवतोय. लाडाने पोरं शेफारतात, एवढंच होतं.

तो पट्टा आरशाशेजारच्या खिळ्याला अजून होता. वस्तरा घासायचा चामडी पट्टा, मधोमध घासून काळा पडलेला. वस्तऱ्याला धार आणि पोरांना वळण, दोन्ही यानेच लागतं, असं अण्णा गिऱ्हाइकांना सांगत, आणि गिऱ्हाइकं हसत. भाऊ हसत नसे. त्यांचं बोलणं कानावर पडलं की त्याला काहीतरी आवरायचं आठवे.

भाऊने बायकोकडे पाहिलं. भिंगरी जन्मली त्याच आठवड्यात दोघांनी ठरवलं होतं की हिच्या अंगाला हात लावायचा नाही. पण ते ठरवलं तेव्हा अण्णांना मिशी होती.

भाऊची बायको मोटार चालवायला शिकवत असे. तिच्या गाडीत तिच्या पायाशी एक जादा ब्रेक होता, आणि अण्णा तिला कौतुकाने ड्रायव्हरबाई म्हणत. पोरांना कसं वळण लावावं याबद्दल तिने एकही पुस्तक वाचलं नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की शिकाऊ माणसावर ओरडलं की तो ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबतो. एकदा एक शिकाऊ असाच फुलांच्या दुकानात शिरला होता. त्याच्यावर ती ओरडली नव्हती, मागच्या सीटवरची त्याची आई ओरडली होती. हे तिने अक्काला पूर्वीही सांगितलं होतं, आज पुन्हा सांगितलं. अक्का म्हणाली, माणसाचं पोर म्हणजे मोटार नव्हे. ती म्हणाली, तेच तर म्हणतेय. मोटारीला मारलं तर तिला लागत तरी नाही.

दाजी पावाचा तुकडा चावत म्हणाले की दोन्ही बाजूंत तथ्य आहे. त्यांचं औषधांचं दुकान होतं, आणि कुठल्याही भांडणात दोघांना पुरेल एवढं तथ्य वाटायची त्यांना सवय होती. आज मात्र त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

इतका वेळ अण्णा आरशाकडे तोंड करून बसले होते. आता ते वळले. अर्ध्या मिशीने त्यांचा चेहरा दोन माणसांचा झाला होता, एक रागावलेला आणि एक नुकताच आजारातून उठलेला.

"भाऊ," ते म्हणाले, "पट्टा काढ."

आणि भाऊच्या बायकोने पाहिलं की आपल्या नवऱ्याचा पाय उचलला गेला. त्याने ठरवून उचलला नव्हता. बेचाळीस वर्षांचा माणूस, पण पाय आपोआप खिळ्याच्या दिशेने गेला. एक पाऊल टाकून भाऊ थांबला आणि आपल्याच पायाकडे बघत राहिला. तिला त्याचा राग यायला हवा होता. तो आला नाही.

ती भिंगरीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. समोर अचानक ट्रक आला की शिकाऊ माणसाशी ती ज्या आवाजात बोलत असे, त्याच आवाजात म्हणाली, "अण्णा, का कापली ते तरी विचारा आधी. मारायचं ते नंतरही मारता येईल. मी मध्ये येईन, ती गोष्ट वेगळी."

अण्णांनी सुनेकडे पाहिलं. त्यांना तिचा एक गुण मनापासून आवडे, ती बोलताना हात बांधून उभी राहत नसे. तो गुण आजच का आडवा यावा, असं त्यांच्या मनात आलं. पण विचारलं.

"का गं कापलीस?"

भिंगरी उठून उभी राहिली. तिने सांगितलं ते असं. आजोबांची डावी मिशी उजवीपेक्षा लांब होती. आजचीच नाही, खूप दिवसांपासून. आज फोटो निघणार, आणि फोटो भिंतीवर लागणार, म्हणजे ती कायमची लांब राहणार. म्हणून तिने डावी जराशी कापली. मग ती उजवीपेक्षा लहान झाली. मग खालून सरळ केली तर वरून वाकडी दिसायला लागली. वरून सरळ केली तर काही उरलंच नाही. उजवी करायला गेली तर आजोबांनी मान वळवली.

"माझी मिशी वाकडी होती?" अण्णांनी विचारलं.

"हो."

"रोज स्वतःच्या हाताने कातरतो मी."

"म्हणूनच," भिंगरी म्हणाली.

सलूनमध्ये तीन आरसे होते, आणि खोलीतल्या प्रत्येकाने त्यांतला एकेक टाळून दुसरीकडे बघायला सुरुवात केली. अण्णांनी पन्नास वर्षं माणसांचे चेहरे आरशात वाचले होते. गिऱ्हाइकाला केस आवडले नाहीत हे गिऱ्हाइकाच्या आधी त्यांना कळे. डोळे अधू झाले असतील, पण ही शांतता कसली हे कळायला डोळे लागत नव्हते.

त्यांची नजर दाजींवर थांबली.

"जावईबापू, घरात टोपी?"

दाजींनी आधी डोकं दुखतंय असं सांगितलं. मग गार वाऱ्याचं नाव सांगितलं. मग बायकोकडे पाहिलं, आणि तिने काहीच मदत केली नाही म्हणून टोपी काढली. सकाळी आल्याबरोबर अण्णांनी हौसेने जावयाचे केस कापले होते. डाव्या कानावर केस पार भादरले होते, उजव्या कानावर झुपका तसाच होता, आणि मागे मानेवरची रेघ घसरगुंडीसारखी उतरत गेली होती. भिंगरी फिस्सकन हसली आणि आईने पाहिल्यावर गप्प झाली.

"मागच्या वेळीही?" अण्णांनी विचारलं.

"मागच्या वेळी आमच्या गल्लीतल्या पोराकडून सारखे करून घेतले," दाजी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एकाच बाजूचं तथ्य सांगितलं. "तो म्हणाला, ट्रॅक्टरने कापलेत का?"

अण्णा अक्काकडे वळले. अक्काला शिवणीत दोरा एवढासा सरकला तरी खुपत असे. बाईच्या अंगावरचं पोलकं रस्त्याच्या पलीकडून बघून ती सांगे, डावा खांदा उतरलाय. वर्षभर वडिलांच्या तोंडावरची मिशी तिला दिसत नव्हती असं म्हणायची सोय नव्हती. ती कोटाच्या बाहीशी चाळा करत म्हणाली, "दिसत होती, अण्णा. पण तुम्हांला कसं सांगणार?"

बोलली आणि स्वतःच थबकली. पट्ट्याने काय वाईट झालं आमचं, हे तिने आत्ताच विचारलं होतं, आणि पन्नाशीची बाई वडिलांना मिशी वाकडी आहे एवढं सांगू शकली नव्हती. तिने कोट खुर्चीवर ठेवला आणि बाकी कुणाकडे न बघता, भावजय आपल्याकडे बघतेय का ते पाहिलं. भावजय बघत नव्हती. मुद्दामच बघत नसावी. त्याबद्दल अक्काला ती त्या क्षणी फार आवडली.

भिंगरीला वाटलं, अजून सांगायचं राहिलंच आहे. म्हणाली, गिऱ्हाइकांचे केस नंतर बाबा नीट करतात. पावडर लावतो म्हणतात आणि करतात.

भाऊने डोळे मिटले.

"सगळे वर जा," अण्णा म्हणाले. "भाऊ, तू थांब."

वर गेल्यावर अक्काला वाटलं, आता पोरीची पाठ थोपटली जाणार. खरं बोलली म्हणून. त्याविरुद्धही तिने मनातल्या मनात दोन वाक्यं जुळवली. पण भावजयीने भिंगरीला पलंगावर समोर बसवलं आणि विचारलं, कात्री तोंडाशी होती तेव्हा आजोबा दचकून उठले असते तर काय झालं असतं.

भिंगरी म्हणाली, ते नाही उठले.

"उठले असते तर?"

भिंगरी विचार करू लागली. तिचा विचार चेहऱ्यावर दिसत असे, आधी ओठावर, मग गालावर, मग डोळ्यापाशी पोचला तेव्हा तिचं तोंड वाकडं झालं. खाली एवढ्या आवाजात, एवढ्या लोकांत ती रडली नव्हती. इथे कुणी आवाजही चढवला नव्हता आणि ती हमसून रडायला लागली. आई तिच्या शेजारी बसून राहिली. रडू नको म्हणाली नाही. अक्का दाराशी उभी होती, तिने पाण्याचा पेला आणून ठेवला.

रडणं थांबल्यावर आईने सांगितलं, आजोबांची मिशी पहिल्यासारखी होईपर्यंत सलूनमध्ये पाय ठेवायचा नाही.

शाळेतून आल्यावर भिंगरीचं सगळं जग खाली असे. खुर्ची गोल फिरवायची, फवाऱ्याने आरशावर पाणी मारायचं, गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकायची. ती एकदम ताठ बसली.

"त्यापेक्षा एक थोबाडीत दे," ती म्हणाली. "दोन दे."

अक्काला हसू आवरेना. बघ, तीच मागतेय, ती म्हणाली. भावजयही हसली. म्हणाली, स्वस्तात पडतं ना, म्हणून. आणि अक्काला आठवलं की पट्टा खाल्ला की सगळं फिटलं असं आपल्यालाही वाटायचं. दोन फटके मोजायचे, डोळे पुसायचे आणि तीच खोडी पुन्हा करायची, फक्त जास्त सांभाळून. हे मात्र ती भावजयीला बोलली नाही. एका दिवसात एवढं पुरे होतं.

खाली अण्णा खुर्चीत बसले होते आणि भाऊ त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधत होता. उरलेली अर्धी मिशी काढायची होती. भाऊने आजवर गावभरच्या मिश्या काढल्या होत्या, या एका मिशीला कधी हात लावला नव्हता. त्याने ब्रशने फेस केला, जरा जास्तच केला, आणि वस्तरा उघडला.

अण्णांनी विचारलं, किती दिवस चाललंय हे. भाऊने सांगितलं, दोन पावसाळे झाले. आधी मानेवरची रेघ चुकायची, मग कानाजवळचं. वस्तरा तुमच्या हातात जाऊ नये म्हणून दाढीची गिऱ्हाइकं मी माझ्या खुर्चीवर वळवत होतो. कुणाला लागलं नाही, अण्णा. एकालाही नाही.

"मी चिडलो असतो," अण्णा म्हणाले.

"हो."

"पण मारलं नसतं. आता या वयात तुला मारणार आहे का मी?"

"माहीत आहे."

"मग सांगितलं का नाहीस?"

भाऊने वस्तरा ओठापासून लांब धरला.

"तुम्ही हात वर केलात की माझी मान अजून खाली जाते, अण्णा," तो म्हणाला. "पंखा बंद करायला केलात तरी. माझं डोकं म्हणतं, पंखाच बंद करतायत. पण मान ऐकत नाही."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. अण्णा आरशात बघत होते, पण आरशात त्यांना मुलगा धुरकट दिसत होता, तोंड कुठे, डोळे कुठे एवढंच कळण्याइतका. तो आत्ता रडतोय की नुसता उभा आहे हे त्यांना कळेना. दोन पावसाळ्यांत पहिल्यांदाच त्यांना आपल्या डोळ्यांची खरी गरज पडली होती.

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे उद्या नेशील?" त्यांनी विचारलं.

"ती गाडीने नेईल. मी बरोबर येतो."

"ऑपरेशन म्हणतील."

"म्हणू देत."

"मला भीती वाटते रे," अण्णा म्हणाले. हे वाक्य त्यांनी इतक्या साध्या आवाजात म्हटलं की भाऊला आधी वाटलं, बाहेरचंच कुणीतरी बोललं. मग तो वाकला, ओठाची कातडी अलगद ताणली आणि उरलेली मिशी काढली. टॉवेल गरम करून लावला. मिशी नसलेले वडील त्याने कधी पाहिले नव्हते. वरचा ओठ चक्क भिंगरीचा होता.

दोघे वर आले तेव्हा नवा तह झालेला होता. अण्णांना तो सांगण्यात आला. मिशी परत येईपर्यंत भिंगरीला सलूनबंदी. अण्णा खुर्चीत बसले आणि म्हणाले, हे जरा जास्त होतंय. दुपारभर आपण खाली एकटं काय करायचं? आता केसही कापता येणार नाहीत, निदान पोर तरी हवी शेजारी. एक आठवडा करा. सूनबाई, तू सांगतेस म्हणून आठवडा.

सून काही म्हणायच्या आधी अक्काच म्हणाली, "शिक्षा म्हणजे शिक्षा, अण्णा. वहिनीने ठरवलंय ना?"

भाऊ आणि दाजी दोघांनी मान वर करून पाहिलं. अक्का आणि भावजय पलंगाच्या एकाच कडेला बसल्या होत्या. हे या घरात यापूर्वी घडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. दाजी म्हणाले, दोन्ही बाजूंत तथ्य आहे. अण्णा म्हणाले, तुम्ही आधी खाली जाऊन भाऊकडून डोकं सारखं करून घ्या.

अण्णांनी मग वकिली केली. मिशी माझी, तेव्हा तीत माझाही शब्द चालला पाहिजे. शेवटी असं ठरलं की बंदी महिनाभर राहील. अण्णा दुपारी वर येऊन बसतील आणि भिंगरीला कात्रीशिवाय, नुसती फणी धरायला शिकवतील. भिंगरीने विचारलं, कुणावर शिकायचं? सगळे दाजींकडे बघू लागले. दाजींनी टोपी घातली.

फोटोवाला वेळेवर आला. मिशीवाला मालक कुठे आहे, असं त्याने अण्णांनाच विचारलं, आणि ते उत्तर देईपर्यंत दारातल्या पाटीकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने बघत राहिला. मधल्या खुर्चीत अण्णांना बसवलं. भिंगरीला फोटोपुरती आत यायची परवानगी मिळाली, ती उंबऱ्याच्या आत दोन्ही पाय जुळवून उभी राहिली. अक्काने भावजयीचा पदर खांद्यावर नीट केला. भावजयीने अक्काला केसांचा चाप लावून दिला. दाजींचं डोकं आता सगळीकडून सारखंच बारीक होतं.

फोटोवाल्याला खुर्चीतले अण्णा आवडेनात. म्हणाला, वडील उभे राहू देत, मुलाच्या शेजारी, आणि एक हात मुलाच्या खांद्यावर.

अण्णा उभे राहिले. त्यांनी हात उचलला. तो अर्ध्यावर पोचला तोच त्यांना शेजारची मान किंचित हलल्यासारखी वाटली. दिसलं नाही, जाणवलं. त्यांनी हात तिथेच थांबवला.

"खांद्यावर हात ठेवतोय," ते हळूच म्हणाले.

"ठेवा, अण्णा," भाऊ म्हणाला.

त्यांनी ठेवला. फोटोवाला म्हणाला, हसू नका, हसू नका, असेच राहा, आणि त्याने बटण दाबलं.